आत्याच्या पुस्तकातली मत्सरी मुलगी

संध्याकाळचा चहा झाला की आत्या मला समोर बसवून विचारायची, "आज तुला काय वाटलं?"

काय केलंस, काय शिकलीस, कुणाशी भांडलीस असं नाही. काय वाटलं, एवढंच. मी तेव्हा चौथीत होते आणि हा प्रश्न मला गणितापेक्षा अवघड जायचा. "काही नाही वाटलं" हे उत्तर तिला चालत नसे. "असं कसं होईल? सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसाला काहीतरी वाटतंच," ती म्हणायची. मग मी विचार करायचे. दगड मारून चिंच पाडली तेव्हा मला काय वाटलं? चिंच पडली, असं वाटलं. पण ते उत्तर नव्हे हे एव्हाना मला कळलं होतं. उत्तरं ठरलेली होती. राग, भीती, आनंद, दया, लोभ, मत्सर, पश्चात्ताप. आत्याने ती एका वहीत ओळीने लिहून ठेवली होती आणि मला पाठ झाली होती. मी त्यातलं एखादं उचलून तिच्या हातात द्यायचे. "आनंद वाटला." मग ती विचारायची, "का वाटला?" इथे मी पुन्हा अडकायचे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. ती एकोणीस वर्षांची असताना तिचा नवरा वारला. सासरच्यांनी तिला परत पाठवलं. मग आजोबांनी, म्हणजे परळच्या गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने, तिला शिकवून मास्तरीण केलं. माझ्या वडिलांना अंधेरीला काचेच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही परळची खोली सोडून अंधेरीच्या पूर्वेला, एका जुन्या गावठाणात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई, वडील, मी आणि आत्या. आत्याची शाळा जोगेश्वरीला होती. ती तिथे चालत जायची आणि चालत यायची, आणि बहुतेक चालतानाच गोष्टी रचायची, कारण घरी आल्या आल्या चपला काढून पहिल्यांदा वही उघडायची.

ती मुलांसाठी पुस्तकं लिहीत असे. गिरगावातला एक छापखाना ती छापायचा. बत्तीस पानांची, पिवळ्या कागदाच्या वेष्टनाची लहान लहान पुस्तकं. त्यांत राजा-राणी नसायची, राक्षस नसायचे. शाळेत जाणारी मुलं असायची, आणि प्रत्येक गोष्टीला एकाच शब्दाचं नाव. 'राग'. 'भीती'. 'खरेपणा'. गोष्टीच्या शेवटी चौकटीत तीन प्रश्न असत आणि तिसरा नेहमी तोच, "यावरून तुम्ही काय शिकलात?"

आत्या म्हणायची, "पाढे सगळेच शिकवतात. पोराला राग आला तर त्याचं काय करायचं, हे कोण शिकवतं?"

माझ्या आईला हे पटायचं की नाही, कुणास ठाऊक. आई मालवणकडची. ती चुलीपुढून म्हणायची, "राग इलो तर भांडी घासूची." आत्या हसायची, पण वहीत हे काही लिहून घ्यायची नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक घर होतं. कौलारू, पुढे मातीची ओटी, मागे विहीर आणि बदकांचं खुराडं. ती माणसं तिथली पिढ्यान्पिढ्यांची. मराठी बोलणारी, आमच्यासारखीच मासे-भात खाणारी, आणि रविवारी चर्चला जाणारी. त्या घरातली मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात आणि माझ्याच बाकावर. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. मावशीचं लुगडं कायम गुडघ्यापर्यंत खोचलेलं असायचं, कारण शेत, बदकं, घर सगळं तीच बघायची. नवरा शहरात मोटारीच्या गॅरेजमध्ये कामाला होता.

त्या वर्षी भात कापून झालं आणि माझ्या मैत्रिणीच्या घरी एकच विषय सुरू झाला, तिचं पहिलं कम्युनियन. त्या दिवशी ती चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेणार होती. त्यासाठी तिला रोज संध्याकाळी शिकवणीला जावं लागे, प्रार्थना पाठ कराव्या लागत. आणि त्यासाठी एक फ्रॉक शिवला होता. तिच्या वडिलांनी शहरातून पांढरं साटीन आणलं, मामीने शिवलं. लांब बाह्या, गळ्याशी बारीक झालर, पायापर्यंत घेर. डोक्यावर घालायला जाळीची ओढणी. तो फ्रॉक आतल्या खोलीत खिळ्याला टांगलेला असे आणि त्यावर जुनी चादर झाकलेली असे. रविवार उजाडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा मावशीचा हुकूम होता.

आदल्या शुक्रवारी शाळेत आमच्या बाकावर शाई सांडली. त्या काळी शाईच्या वड्या मिळत. पाण्यात विरघळवून दौतीत भरायच्या आणि टाक बुडवून लिहायचं. दौत कुणाच्या कोपराने पडली, हे आम्हालाही कळलं नाही. दोघींनी हाताने, वहीच्या कागदाने, शेवटी परकराच्या काठाने शाई पुसली. बोटं निळी झाली. बाईंनी दोघींना उभं केलं आणि मग बसवलं. एवढंच झालं.

घरी आल्यावर मी दप्तर टाकलं, भाकरी खाल्ली आणि नेहमीसारखी मैत्रिणीकडे गेले. ओटीवर कुणी नव्हतं. मागून विहिरीवर कळशीचा आवाज येत होता. मी आत गेले. आतली खोली काळोखी आणि गार होती. चादर एका बाजूला सरकली होती आणि फ्रॉकची एक बाही बाहेर आली होती. मी चादर उचलली.

यापुढचं मला नीट आठवतं आणि आठवतही नाही. मी फ्रॉकच्या घेराला हात लावला, हे आठवतं. ते साटीन गार लागलं. पाण्यासारखं गार, पण ओलं नाही. तसं कापड मी कधी हातात धरलं नव्हतं. मी ते बोटांमधून सरकवलं आणि पुन्हा सरकवलं. मग मागच्या दारी पावलं वाजली आणि मी चादर सोडून पळाले. माझ्या बोटांवरची शाई तोवर वाळली होती की ओली होती? डाग पडला का, हे मी बघितलं का? मी नंतर कितीतरी वेळा डोळे मिटून त्या खोलीत परत गेले. पण तिथे फक्त गारवा सापडतो.

शनिवारी दुपारी शेजारून आरडाओरडा ऐकू आला. मावशीला फ्रॉकवर डाग दिसला होता. घेराच्या डाव्या बाजूला, बोटाएवढा, निळा. निळी बोटं असलेली पोर समोरच उभी होती, म्हणून मावशीने दुसरं काही विचारलं नाही. भिंतीपलीकडून धपाटे ऐकू येत होते आणि मैत्रिणीचं रडणं. पण "मी नाही केलं" असं काही ऐकू येत नव्हतं. याचंच मला नवल वाटत राहिलं. ती 'नाही' असं का म्हणत नाही?

आत्या जेवत होती. तिने घास थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे. "काल तू तिथे गेली होतीस?"

"हो."

"फ्रॉकला हात लावलास?"

मी मान डोलावली.

"का?"

मला का ते माहीत नव्हतं.

आत्या ओरडली नाही. ती कधीच ओरडत नसे, आणि म्हणूनच तिच्यापुढे उभं राहणं कठीण होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नकोस. तुला तेव्हा काय वाटलं ते सांग."

मी मनातल्या मनात वहीतले शब्द म्हणून बघितले. एकही बसेना. आत्या वाट बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "मत्सर वाटला का गं?"

"म्हणजे कसं?"

"म्हणजे तिच्याकडे एवढा सुंदर फ्रॉक आहे, आपल्याकडे नाही, असं वाटून आत काहीतरी जळणं. तिचं छान होऊ नये असं वाटणं."

मी आत जळतंय का ते बघितलं. भूक लागली होती, छाती धडधडत होती. ते जळणंच असेल. आत्याला या गोष्टी कळतात, ती पुस्तकं लिहिते. मी म्हटलं, "हो. मत्सर वाटला."

आत्याचा चेहरा सैल झाला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कबूल केलंस ना, अर्धं काम झालं. आता जा आणि तिला सांग. जे खरं आहे ते सगळं सांग. बघ किती हलकं वाटेल."

मी गेले. खरोखर सांगायलाच गेले. पण ओटीवर चार बायका जमल्या होत्या. मध्ये ताटात तो फ्रॉक पसरला होता आणि कुणी लिंबू म्हणत होतं, कुणी मीठ, कुणी तांदळाचं पाणी. मला बघताच मावशी म्हणाली, "ये गो, ही लिंबं काप." तिने माझ्या हातात विळी दिली. मी लिंबं कापली. मैत्रीण कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी तिच्याकडे बघत होते, पण तिने वर बघितलंच नाही. डाग फिकट झाला, गेला नाही. मग मामी म्हणाली की त्यावर साटीनच्याच तुकड्याचं फूल शिवून टाकू. सगळ्या बायकांना ते पटलं आणि ओटी मोकळी झाली. मी घरी आले.

"सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाली ती?"

आता काहीतरी म्हणायला हवं होतं. "रडली," मी म्हटलं. ते खरं होतं. मग मला थांबता येईना. "मीही रडले. मी तिच्या पाया पडायला गेले, तर तिने मला मिठी मारली."

"आणि तिची आई?"

"तिने आम्हाला दोघींना खायला दिलं."

आत्याचे डोळे भरून आले. तिने लगेच वही उघडली. मी तिच्याजवळ उभी राहून तिचा हात कागदावर भरभर चालताना बघत होते. मी खोटं बोलले, हे मला कळत होतं. पण आत्याला एवढं समाधान झालेलं मी क्वचितच बघितलं होतं. मग खोटं वाईट कसं, हे मात्र कळेना. त्या दिवशी संध्याकाळी तिने मला काय वाटलं ते विचारलंच नाही.

रविवारी मैत्रीण चर्चला गेली. पांढरी, जाळीच्या ओढणीतली, हातात मेणबत्ती. घेरावर ते फूल असं शोभत होतं की जणू ते आधीपासून असायचंच होतं. दुपारी मावशीने आमच्याकडे फुगिया पाठवल्या, म्हणजे ते लोक सणाला तळतात ते मैद्याचे फुगलेले गोळे. आत्या म्हणाली, "बघ, किती मनमोकळी माणसं." मी खाणार नव्हते, पण फुगिया छान होत्या, आणि मी पाच खाल्ल्या.

उन्हाळा गेला, आम्ही पाचवीत गेलो आणि गिरगावहून आत्याच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. चौथी गोष्ट 'मत्सर'. त्यात दोन मैत्रिणी होत्या. एकीसाठी दिवाळीला हिरव्या रेशमाचा परकर शिवला होता. दुसरी गरीब घरातली. ती परकर बघून आतल्या आत जळते, आणि एक दिवस घरात कुणी नाही असं बघून मुद्दाम त्यावर शाई शिंपडते. मग तिला चैन पडत नाही. ती मैत्रिणीकडे जाते, सगळं सांगते, पाया पडू लागते. मैत्रीण तिला मिठी मारते. मैत्रिणीची आई दोघींना लाडू देते.

आत्याने ही गोष्ट आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. वडील म्हणाले, "चांगली उतरली आहे." आई माझ्याकडे बघत राहिली. मी विचार करत होते की ही शाई शिंपडणारी कोण? मी तर शिंपडली नव्हती. हात लावला होता. पण 'मुद्दाम' हा शब्द छापलेला होता. छापलेल्या शब्दाकडे बघितलं की वाटायचं, असेलही. हळूहळू मला त्या काळोख्या खोलीत उभी राहून दौत तिरपी करणारी मुलगी दिसू लागली. तिचा चेहरा माझ्यासारखा होता. पण मी दौत घेऊन गेले होते कुठे? दौत शाळेत होती. हे मी स्वतःला समजावायचे आणि पुन्हा विसरायचे.

मग आमच्याच शाळेने ती पुस्तकं घेतली. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्टवाचन असे. बाईंनी पुस्तक उघडलं, पान बघितलं आणि माझ्या मैत्रिणीला उभं केलं. "तू वाच. 'मत्सर'."

ती चांगली वाचायची. थांबत, नीट श्वास घेत. मी तिच्या शेजारी बसून बाकाकडे बघत होते. गोष्टीतली मुलगी शाई शिंपडते तिथे ती वाचताना जराशी थबकली, की मला तसं वाटलं. गोष्ट संपल्यावर बाईंनी तिलाच विचारलं, "यावरून तू काय शिकलीस?"

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "नवीन कपडा कपाटात कुलूप लावून ठेवावा."

वर्ग हसला. बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि दुसऱ्या मुलीकडून बरोबर उत्तर घेतलं. मी मात्र मैत्रिणीच्याच उत्तरात अडकले. तिला कळलं होतं का? की ती नुसतंच बोलली?

शाळा सुटल्यावर आम्ही शेताच्या बांधावरून घरी निघालो. खाचरांत पाणी होतं आणि बायका लावणी करत होत्या. मी गोष्टीत लिहिलं होतं तसं करायचं ठरवलं. आधी सांगायचं, मग रडायचं, मग पाया पडायचं. मी थांबले आणि म्हटलं, "तुझ्या फ्रॉकवरचा डाग मी पाडला."

तिने माझ्याकडे बघितलं. "कुठला डाग?"

"तुझ्या पांढऱ्या फ्रॉकवरचा. शाईचा. मी चादर काढून हात लावला होता."

"येडी आहेस काय गं तू?" ती म्हणाली. "तो मी पाडला."

मी रडण्याच्या तयारीत होते, ते तसंच राहिलं.

ती म्हणाली, "शुक्रवारी मी शाळेतून आले आणि फ्रॉक घालून बघितला. आय विहिरीवर होती. घालून फिरले खोलीत. मग काढला, पुन्हा टांगला आणि आयला मदत करायला मागे गेले. हातांना शाई होती, लक्षातच नव्हतं. म्हणून तर मार खाल्ला गुपचूप."

म्हणजे मी गेले तेव्हा चादर सरकलेली होती ती म्हणून, आणि बाही बाहेर आली होती तीही म्हणूनच. पण मग माझ्या हातांनी काय केलं?

"पण मीही हात लावला," मी म्हटलं.

"मग लावला असशील. डाग माझा होता."

"तू बघितलास पडताना?"

"नाही. तू?"

"नाही."

आम्ही दोघी बांधावर उभ्या राहिलो. मला हलकं वाटायला हवं होतं, कारण कबूल केलं की हलकं वाटतं. पण मला वाटत होतं की माझं काहीतरी कुणी काढून घेतलंय. इतके महिने मी जे सांभाळलं ते कदाचित माझं नव्हतंच. आणि तिलाही ते आवडलेलं दिसत नव्हतं. मार तिने खाल्ला होता, आणि आता मध्येच मी वाटेकरी होऊन आले होते.

"चल, बघू," ती म्हणाली.

फ्रॉक ट्रंकेत, तळाशी होता. तिने तो काढला, खाटेवर पसरला आणि फुलाचे टाके नखाने सैल केले. खाली डाग होता, फिका, पावसाळ्यातल्या आभाळाच्या रंगाचा. तिने त्यावर बोट ठेवलं. बरोबर बसलं. मग मी ठेवलं. माझंही बसलं. आम्ही डावा हात लावून बघितला, अंगठा लावून बघितला. दोघींची बोटं एकाच वयाची.

तेवढ्यात मावशी आत आली. "काय करता गो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मैत्रिणीने सांगितलं, मग मी सांगितलं, मग दोघींनी एकदम. मावशी उंबऱ्यावर टेकली. तिच्या हातांना चिखल होता, म्हणून ते तिने पुढे धरून ठेवले होते. तिने सगळं ऐकलं.

"डाग एक आणि पोरी दोन," ती म्हणाली. "एकीला मी मारली ती मारली. आता दुसरीला मारून काय तो निघणार हाय? फूल शिवा परत नीट. आणि बसा, पेज खावा."

आम्ही पेज खाल्ली. मिठी कुणी कुणाला मारली नाही. मैत्रीण माझ्याशी धड बोललीही नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस शाळेत एकटीच पुढे चालत राहिली. ती कशासाठी रागावली होती, ते मला तेव्हा कळलं नाही. आधी सांगितलं नाही म्हणून? की सांगितलं म्हणून? चौथ्या दिवशी ती आपणहून थांबली आणि आम्ही पुन्हा बरोबर चालू लागलो. विचारायचं राहूनच गेलं.

पण अजून आत्याला सांगायचं होतं. डागाचं नव्हे, मिठीचं. मी ते आठवडाभर पुढे ढकललं. एका संध्याकाळी ती पुढच्या पुस्तकासाठी 'खरेपणा' या नावाची दुसरी गोष्ट लिहायला बसली होती, तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मी त्या दिवशी नुसती लिंबं कापून परत आले होते, बाकीचं मी रचलं होतं, आणि डाग माझा की तिचा, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

आत्याने टाक खाली ठेवला.

"मत्सर वाटला असं तू म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"तू विचारलंस म्हणून म्हणाले."

"मग खरं काय वाटलं होतं?"

"गार वाटलं."

"काय?"

"कापड गार होतं. हाताला गार वाटलं. बाकी काही नाही."

मला वाटलं ती आता म्हणेल, हे उत्तर नव्हे. तिने तसं म्हटलं नाही. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचाही हात थांबला होता. आत्या म्हणाली, "माझे ते गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पण तुला काय वाटतं असं मला एकानेही विचारलं नाही. म्हणून मी पोरांना विचारते." ती थांबली. "पण उत्तरही मीच देत होते का गं?"

मी तशीच उभी राहिले. मग आई म्हणाली, "जेवूक बसा आता," आणि आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी आत्या मावशीकडे गेली आणि बराच वेळ बसून आली. तिथे काय बोलणं झालं, ते तिने सांगितलं नाही. मग तिने छापखान्याला पत्र लिहिलं की पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा 'मत्सर' ही गोष्ट काढा. छापखान्याचं उत्तर आलं की शिक्षकांना तीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते, ती काढली तर पुस्तक कोण घेईल? त्यांनी ती काढली नाही. आत्याने पुन्हा पत्र लिहिलं, निदान 'मुद्दाम' हा शब्द तरी काढा. तो निघाला की नाही, हे मी बघितलं नाही. नंतरची आवृत्ती आमच्या घरी कधी आलीच नाही, किंवा आली असेल तर आत्याने ती वर माळ्यावर टाकली असेल.

आत्याने पुढे आणखी तीन पुस्तकं लिहिली. त्यांतल्या गोष्टींच्या शेवटी प्रश्नांची चौकट नव्हती. छापखान्याला ते आवडलं नाही आणि चौथं त्यांनी परत पाठवलं. मला मात्र ती चहानंतर वेगळं विचारू लागली, "आज काय झालं?" हे सोपं होतं. मी भरभरून सांगायचे आणि ती मध्ये न बोलता ऐकायची. पण कधी कधी मध्येच मला तिची कीव यायची. वाटायचं, तिला काहीतरी विचारायचंय आणि ती विचारत नाहीये. मी मोठी झाले तरी तिला उलट कधी विचारलं नाही की तुला काय वाटलं. ती गेली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं.

माझी मैत्रीण शिकून नर्स झाली आणि लग्न करून वसईला गेली. कितीतरी वर्षांनी तिच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला तिने मला बोलावलं. पाहुणे जेवत होते. तिने मला आपल्या मुलीपुढे नेलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ही माझी सगळ्यांत जुनी मैत्रीण. हिने माझ्या फ्रॉकवर शाई पाडली होती. मग रडत रडत सांगायला आली, पाया पडायला लागली. मी मिठी मारली हिला. आयने आम्हाला लाडू दिले."

ती थट्टा करत नव्हती. तिला ते तसंच, आत्याच्या पुस्तकातल्यासारखंच, आठवत होतं. मी तोंड उघडलं, पण तिची मुलगी माझ्याकडे फार मन लावून बघत होती.

"खरंच तुम्ही रडलात?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "तेव्हा नाही." ती पुढे काही विचारणार होती, पण तिला फोटोसाठी हाका आल्या आणि ती पळाली.